फोटोग्राफीचा क्लास लावताय? कॅमेऱ्याआधी अभ्यासक्रम बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात लगीनसराई आली की फोटोग्राफरला उसंत नसते. त्यामुळे बारावी किंवा पदवी झालेली बरीच पोरं-पोरी या धंद्याकडे वळतात. कॅमेरा हप्त्यावर घेतला जातो आणि क्लासची फी घरच्यांकडून येते. क्लासच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचं मॉडेल आणि प्रमाणपत्र ठळक असतं, पण किती तास काय शिकवणार हे क्वचितच लिहिलेलं असतं. नेमकं तेच आधी बघायला हवं. अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत, त्यामुळे या धंद्यात पहिली चूकसुद्धा गिऱ्हाइकाच्या घरच्या कार्यातच होते.

शेवट आधी ठरवा

चांगला अभ्यासक्रम आखताना पहिला प्रश्न असा: क्लास संपल्यावर विद्यार्थ्याला काय काय करता आलं पाहिजे? किमान चार गोष्टी यायला हव्यात. कुठल्याही उजेडात ऑटोवर न विसंबता नीट फोटो काढणं, एखादं कार्य २०-२५ फोटोंत सांगणं, फाइली न हरवता वेळेत काम देणं आणि आपला दर हिशेबाने ठरवणं.

आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास धरले तर १२ आठवड्यांत ४८ तास होतात. त्यांची वाटणी अशी करता येईल: प्रकाश आणि एक्स्पोजर १२ तास, चौकट आणि विषय ८, एडिटिंग ८, साठवण आणि छपाई ४, परवानगी आणि कायदा ४, व्यवसाय आणि हिशेब ६, आणि एकमेकांच्या फोटोंवर चर्चा ६. बाहेरचा सराव रविवारी, तो यात धरलेला नाही. बटणांची ओळख पहिल्या १२ तासांतच होऊन जाते, तिला महिनाभर लागत नाही.

प्रकाशाचं गणित

एक्स्पोजर तीन गोष्टींवर ठरतं. अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो आणि आयएसओ म्हणजे मिळालेला सिग्नल किती वाढवायचा. एफ ८ वरून एफ ५.६ वर आलं की उजेड दुप्पट होतो. शटर १/१२५ वरून १/२५० सेकंदावर नेलं की निम्मा होतो. दोन्ही एकत्र केलं तर फोटो तेवढाच उजळ राहतो, पण मागचं जास्त धूसर होतं आणि हालचाल जास्त गोठते. हे एकदा डोक्यात बसलं की कंपनी कुठलीही असो, अडत नाही.

सराव मात्र इथल्या कामातला हवा. पिवळ्या कापडाच्या मांडवात सगळ्यांचे चेहरे पिवळे येतात. अशा वेळी व्हाइट बॅलन्स हाताने कसा लावायचा? हॉलच्या पांढऱ्या छतावर फ्लॅश मारून मऊ उजेड मिळतो, पण छताला रंगीत कापड असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. मग काय करायचं? अक्षता हवेत स्पष्ट दिसायला शटर किती हवं? भर दुपारी अंगणात नवरीच्या डोळ्यांखाली पडणारी सावली कशी टाळायची? अशा दहा अडचणी घेऊन प्रत्येकाने स्वतः फोटो काढून बघावेत.

पहिले दोन आठवडे मोबाइलवर शिकवले तरी चालतं. उजेडाची दिशा आणि चौकट मोबाइलवरही कळते, आणि गोडी आहे की नाही हे कळायच्या आत लाखाचा कॅमेरा घ्यावा लागत नाही.

भाषेचाही विचार हवा. कॅमेऱ्याचा मेनू इंग्रजीत असतो आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं तिथेच बिचकतात. शब्द इंग्रजीच ठेवावेत, पण समजावणं मराठीत हवं. नेहमी लागणाऱ्या चाळीसेक शब्दांचं एक पान पहिल्याच दिवशी हातात द्यावं.

बघायला शिकणं

राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. तिथेच ते फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांची अखेरची वर्षं वडोदऱ्यात गेली, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. वडोदऱ्याच्याच ज्योती भट्ट यांनी खेड्यापाड्यांतल्या रांगोळ्या आणि भिंतीवरची चित्रं कॅमेऱ्यात साठवली. अशांचे फोटो दर आठवड्याला समोर ठेवून उजेड कुठून आलाय आणि चौकटीबाहेर काय ठेवलंय, हे विचारलं तर नजर तयार होते.

रविवारी शहापूर-वडगावच्या एखाद्या विणकराकडे परवानगी घेऊन जाता येईल. पूर्ण माग, काम करणारे हात, चेहरा, सूत आणि तयार साडी असे शंभर फोटो काढायचे आणि त्यातले पाचच ठेवायचे. ९५ फोटो का गाळले हे सर्वांसमोर सांगायचं. लग्नाच्या दोन हजार फोटोंतून अल्बम निवडताना हीच सवय कामी येते.

फोटो काढल्यानंतर

साध्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून रंग किंवा उजेड चुकला तर रॉ फाइल बरीच सावरता येते. पण तिला जागा जास्त लागते. एक फोटो ३० एमबीचा धरला तर दोन हजार फोटोंचे ६० जीबी होतात. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पाळल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही, हे क्लासमध्येच अंगवळणी पडायला हवं.

छपाईचंही तसंच. १२ बाय १८ इंचांचं पान इंचाला ३०० ठिपके धरून छापायचं तर सुमारे दोन कोटी पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला लहान झालेला फोटो तिथे फुटतो. प्रत्येकाने निदान एक फोटो छापून घ्यावा.

परवानगी आणि कायदा

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे नवरा-नवरीचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तसं लिहून घ्यावं. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारावं. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशा बघावा. बेळगावात सांबरा विमानतळ आहे, लष्करी भागही आहे.

दराचा हिशेब

समजा, कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश मिळून १,२०,००० रुपये लागले. चार वर्षं टिकतील असं धरलं तर वर्षाला ३०,००० रुपये झिजतात. वर्षात ३० कार्यक्रम झाले तर एका कार्यक्रमामागे १,००० रुपये नुसत्या झिजेचे. त्यावर अल्बम, मदतनीस, प्रवास आणि एडिटिंगचे दिवस. हे न मांडता शेजारच्यापेक्षा दोन हजार कमी सांगितले की हंगामात काम भरपूर दिसतं आणि हप्ता मात्र थकतो.

सीमाभागात आज बेळगाव, उद्या कोल्हापूर असं काम चालतं. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर या सेवेसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि दुसऱ्या राज्यात सेवा दिली म्हणून ही सवलत जात नाही. आगाऊ रक्कम, फोटो देण्याची तारीख आणि काम रद्द झालं तर काय, हे एका पानावर मराठीत किंवा कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाला वाचता येईल त्या भाषेत असावं.

फी भरण्याआधी हे विचारा

- तासांची वाटणी लेखी मिळेल का?
- एका बॅचमध्ये किती जण आणि कॅमेरे किती?
- प्रत्येकाचे फोटो दर आठवड्याला तपासले जातात का?
- प्रत्यक्ष कार्यात मदतनीस म्हणून न्याल का?
- एडिटिंग कुठल्या सॉफ्टवेअरवर आणि ते अधिकृत आहे का?
- मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का?

आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत डिजिटल फोटोग्राफर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. खासगी क्लासची फी भरण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये एकदा चौकशी करून यावी.