पहिला एपिसोड तर घरातच आहे!

‘पॉडकास्ट करायचाय यार, पण माईक नाही, स्टुडिओ नाही. आणि पिंगळीत बसून बोललं तर ऐकणार कोण?’

हा डायलॉग तुम्हीही कधीतरी मारला असेलच. पिंगळी म्हणजे परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. इथून काय जगाला ऐकवणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण शेजारच्याच पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसची गोष्ट ऐका. तिथल्या गंगूबाई अंबोरे जात्यावरच्या ओव्या गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामात नव्वदच्या दशकात गंगूबाईंचा आवाज टेपवर आला. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने हा खजिना इंटरनेटवर आणायला सुरुवात केली. आज ताडकळसचा तो आवाज जगात कुठेही, मोबाइलवर ऐकता येतो. कुणीतरी रेकॉर्डर घेऊन गावात गेलं आणि समोर बसून ऐकलं, म्हणून.

तो रेकॉर्डर आता तुमच्या खिशात आहे.

विषय काय घ्यायचा?

मोटिव्हेशन आणि सक्सेस स्टोऱ्यांची गर्दी भरपूर आहे. त्यापेक्षा जे फक्त तुम्हालाच रेकॉर्ड करता येईल, ते करा. आजीच्या ओव्या, गावातल्या सालगड्याचा दिवस, स्टेशनवरच्या चहावाल्याच्या गप्पा. एक विषय ठरवा आणि पहिल्या पाच एपिसोडची यादी वहीत लिहा. पाच सुचत नसतील, तर विषय बदला.

प्रश्नही नीट हवेत. ‘आजी, तुमच्या काळी कसं होतं?’ असं विचारलं की ‘चांगलं होतं बाबा’ म्हणून आजी गप्प! ‘बहात्तरच्या दुष्काळात घरात काय शिजायचं?’ असं विचारा. सुकडी आणि मिलोची गोष्ट सुरू झाली की मध्ये बोलू नका. आजी थांबली तरी दोन सेकंद थांबा, खरी गोष्ट बऱ्याचदा त्यानंतर येते.

रेकॉर्डिंग कसं करायचं?

स्टुडिओ म्हणजे काय, तर आवाज न घुमणारी खोली. रिकाम्या, पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत घुमत नाही. तिथे बसा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन फ्लाइट मोडवर. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून साधारण वीतभर लांब, जरा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ला फटफट आवाज येतो. पुढे पैसे साठले की कॉलरचा माईक घ्या, त्याने खूप फरक पडतो.

आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इयरफोन लावून ऐका. तासभर बोलून झाल्यावर ‘आवाजच आला नाही’ हे कळण्यापेक्षा हे बरं. आणि गाडी आली तर? ती जाऊ द्या, मग ते वाक्य पुन्हा बोलायला सांगा.

एडिटिंग

कॉम्प्युटर असेल तर ‘ऑडासिटी’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फोनवरही फुकट अ‍ॅप मिळतात. सुरुवातीला फक्त कापायला शिका. लांबलेलं काढा, चुकलेलं काढा. पण आजीची बोली ‘शुद्ध’ करायला जाऊ नका, तीच तर ऐकायची आहे. मागे सिनेमाची गाणी लावू नका, कॉपीराइटमुळे एपिसोड उडू शकतो. नेटपॅकची चिंता असेल तर ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ फाइल करा. दहा मिनिटांचा एपिसोड पाच एमबीच्या आसपास बसतो.

पब्लिश कसं करायचं?

‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’वर फुकट अकाउंट उघडा. नाव, दोन ओळींची माहिती आणि चौकोनी कव्हर टाका. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं असलं की सगळीकडे चालतं. मग फाइल अपलोड करा. तिथून ‘आरएसएस फीड’ची लिंक मिळते. फीड म्हणजे तुमच्या एपिसोडची आपोआप अपडेट होणारी यादी. ती लिंक अ‍ॅपल पॉडकास्टसारख्या ठिकाणी एकदा दिली की पुढचे एपिसोड तिथे आपोआप पोहोचतात. गावातले लोक यूट्यूबच उघडत असतील, तर एका फोटोवर आवाज चढवून तिथेही टाका.

एक गोष्ट विसरू नका

आपलीच आजी असली तरी आधी परवानगी घ्या. हे जगभर ऐकलं जाईल, हे तिला समजेल असं सांगा आणि तिचं ‘हो’ रेकॉर्ड करून ठेवा. पब्लिश करण्याआधी तिला ऐकवा. एखादी गोष्ट काढ म्हणाली, तर काढा. मूळ फाइल मात्र फोनशिवाय आणखी दोन ठिकाणी सेव्ह करा. फोन बिघडतो, हरवतो.

पहिल्या एपिसोडला अकरा जण ऐकणारे मिळाले, त्यातले सात नातेवाईक, तरी चालेल. माईक पुढच्या वर्षी घेता येईल. आजी मात्र थकत चालली आहे, आणि तिच्या कितीतरी ओव्या कुणी लिहूनही ठेवलेल्या नाहीत. या रविवारी दुपारी पंखा बंद करा आणि तिच्यासमोर बसा.