आत्याचा आजारही विचारा

एरंडोल तालुक्यात कुणालाही वंशावळ विचारा, पणजोबांपर्यंत पुरुषांची नावे पटापट येतील. पारोळ्याला, धरणगावला दिलेल्या लेकींची नावे त्यात नसतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात हीच उणीव महागात पडते.

गैरसमज : हा कर्करोग फक्त आईच्या बाजूने येतो.

वस्तुस्थिती : बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके स्त्री-पुरुष दोघांतही असतात. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला ती मदत करतात. त्यातल्या आनुवंशिक बिघाडाने या कर्करोगांचा धोका वाढतो. हा बिघाड वडिलांकडूनही येतो आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. वडील ठणठणीत, आत्या मात्र ‘पोटात पाणी होऊन’ गेलेली. ते पाणी अंडाशयाच्या कर्करोगाचे असू शकते, हे घरात कुणाच्या मनात येत नाही. मग पुतणीला पस्तिशीत गाठ आली, की दवाखान्यात सांगतात, ‘आमच्या घरात कुणालाच नव्हता.’ आखाजीला माहेरी येणाऱ्या आत्यांना आणि चुलत बहिणींना विचारा : कुणाला झाला, कुठल्या अवयवाचा, कितव्या वर्षी? वयासकट वहीत लिहून ठेवा.

गैरसमज : घरात एकीला झाला, म्हणजे सगळ्यांना होणार.

वस्तुस्थिती : स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. बिघाड असला तरी आजार अटळ नाही. पण धोका मोठा आहे. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभरातल्या साठाहून अधिक स्त्रियांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. बिघाड असलेल्या पुरुषांनाही प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचा कर्करोग होऊ शकतो.

गैरसमज : आधी कळून काय उपयोग? उगाच मुलीचे लग्न अडेल.

वस्तुस्थिती : उपयोग फार मोठा आहे. बिघाड असलेल्या स्त्रीच्या स्तनांची दरवर्षी एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू करता येते. अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडणारी खात्रीची तपासणी नाही, म्हणून मुले झाल्यावर, बिघाड बीआरसीए-१ मध्ये असल्यास पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. लग्नाच्या भीतीने हे लपवणे म्हणजे मुलीच्या जिवाशी खेळणे आहे.

चाचणी रक्ताची किंवा लाळेची असते. शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात बिघाड सापडला तर बाकीच्यांत नेमका तोच शोधता येतो. आधी समुपदेशन घ्या. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्रात त्याची सोय आहे. जाताना ती वही सोबत न्या.