एचआयव्हीची गोळी, शुगर आणि हृदय : घरच्यांनी काय समजून घ्यावं?

आपल्या जळगाव-धुळ्यात एचआयव्ही असलेली माणसं आता वर्षानुवर्षं जगतात. शेतात जातात, यंत्रमाग चालवतात, मुलामुलींची लग्नं लावतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. त्या वेळी घरचे लोक दिवस मोजायचे. आता हेच रुग्ण चाळिशी-पन्नाशीत आले आहेत आणि त्यांना बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सुरू होतंय. मग घरात दबक्या आवाजात प्रश्न निघतो : हे सगळं त्या गोळीमुळेच तर होत नाही ना? बंद करून पाहावी का?

उत्तर आधीच सांगते. गोळी बंद करायची नाही. का, ते नीट समजून घेऊ.

विषाणू हृदयाला काय करतो?

एचआयव्ही रोगप्रतिकारशक्ती कमी करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण विषाणू अंगात आहे तोवर शरीर त्याच्याशी सतत झुंजत असतं आणि त्यामुळे आतल्या आत सूज राहते. गोळ्यांनी ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. राखेखाली निखारा राहावा तसं. या सुजेमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं आणि तिथे चरबी लवकर साचते. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये संशोधकांनी सांगितलं, की एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो.

मग गोळी थांबवली तर? हेही तपासून झालं आहे. ३३ देशांतल्या ५,४७२ रुग्णांवर 'स्मार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. काहींनी गोळ्या रोज घेतल्या, काहींनी मधूनमधून थांबवल्या. थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि हृदयाचे त्रासही जास्त झाले. म्हणून २००६ मध्ये गोळ्या थांबवण्याचा तो प्रयोग मध्येच आवरावा लागला.

भीती आली कुठून?

लोकांची भीती अगदीच बिनबुडाची नाही. तिच्यामागे जुन्या औषधांचा इतिहास आहे. २००१ साली परदेशी कंपन्यांच्या एचआयव्ही औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर जायचा. तेव्हा मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तेच औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे रोज एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली. १९३५ मध्ये डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेली ही कंपनी. तिच्यामुळे गरीब देशांतल्या रुग्णांना जगण्याचा रस्ता मिळाला. पुढे १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत औषधं सुरू केली. सुरुवात आठ सरकारी रुग्णालयांपासून झाली, त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

त्या काळच्या गोळीत स्टॅव्हुडिन नावाचं औषध असायचं. त्यानं जीव वाचले, पण काही वर्षांनी अनेकांचे गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे, रक्तातली चरबी बिघडायची. चेहऱ्यावरून लोक आजार ओळखायचे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं आणि आपल्याकडेही ते गेलं. पण ते चेहरे पाहिलेल्यांच्या मनातली धास्ती राहिली.

आजची गोळी

आज बहुतेकांना टीएलडी मिळते : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पूर्वीच्या गोळ्यांपेक्षा ती खूपच सोसवते. मात्र काहींचं वजन वाढतं, विशेषतः स्त्रियांचं. काहींची शुगरही वाढते. टेनोफोव्हिरमुळे किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून वजन, कंबर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि किडनीची तपासणी वेळेवर करत राहायची.

एका डॉक्टरपासून लपवलं तर?

खरा धोका इथे आहे. एआरटी केंद्राचं कार्ड कपाटात आणि शुगरची फाइल खासगी दवाखान्यात. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही.

शुगरची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन. डोल्युटेग्राविरमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून दिवसाला सहसा १,००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध टीएलडीसोबत घेतलं तर टीएलडी नीट लागू पडत नाही. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबाबतही विचारून घ्यावं. काही रुग्णांच्या इलाजात रिटोनाव्हिर असतं. त्यांना कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन दिलं तर स्नायू आणि किडनीला गंभीर इजा होऊ शकते. डॉक्टरला पूर्ण माहिती असेल तर हे सगळं टळतं.

नवी आणि चांगली बातमी

२०२३ मध्ये 'रिप्रीव्ह' अभ्यासाचे निष्कर्ष आले. भारतासह १२ देशांतले, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ एचआयव्ही रुग्ण त्यात होते. कोलेस्टेरॉलवरचं पिटाव्हास्टॅटिन रोज घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, लकवा यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी 'मला स्टॅटिनची गरज आहे का?' असं डॉक्टरला जरूर विचारावं. मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घेऊ नये.

घरात काय करायचं?

बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा बंद. एचआयव्ही असलेल्यानं तंबाखू सोडली तर हृदयाला त्याचा मोठा फायदा होतो. दावतीत बिर्यानी खा, पण रोजच्या जेवणात तेल, डालडा, मीठ आणि गोड कमी करा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, भाजी आपल्याकडे भरपूर आहे. रोज अर्धा तास झपझप चाला. घरातल्या बायका स्वतःची तपासणी पुढे ढकलतात, त्यांना सोबत घेऊन जा.

रमजानमध्ये टीएलडी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते, वेळ मात्र रोज एकच ठेवा. शुगर-बीपीची औषधं चालू असतील तर महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरशी बोला. आजारी माणसाला रोज्यात सवलत आहेच.

बदनामीची भीती खरी आहे, पण कायदा रुग्णाच्या बाजूनं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि इलाज, नोकरी, शाळा यांत भेदभाव करता येत नाही. शिवाय नियमित गोळ्यांनी विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शारीरिक संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही.

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे एआरटीची सोय आहे आणि औषध मोफत आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या वेळी शुगरच्या डॉक्टरकडे जाताना ते कार्ड सोबत घ्या आणि एआरटी केंद्रात जाताना शुगरची फाइल घ्या.