आकाशांतील अंतर आणि घड्याळांतील वेळ

परभणी जिल्ह्यांत विमानतळ नाहीं. मात्र पूर्वेस नांदेड आणि वायव्येस छत्रपति संभाजीनगर, म्हणजे 2023 सालापर्यंतचें औरंगाबाद, या दोन्ही ठिकाणीं तो आहे. नांदेडहून विमान सरळ निघालें, तर संभाजीनगर किती मिनिटांत गांठील, असें परभणीच्या एखाद्या घरीं शाळकरी मुलानें वडिलांस विचारलें, तर त्याचें उत्तर नुसत्या भागाकारानें निघत नाहीं.

प्रथम अंतर पाहावें. आगगाडी वाटेंतील गांवें गांठीत जाते. तिचा मार्ग सुमारें 235 किलोमीटरांचा. विमानास गांवें गांठावयाचीं नसतात. नांदेडचा विमानतळ 19 अंश 11 कला उत्तर अक्षांशावर व 77 अंश 19 कला पूर्व रेखांशावर आहे. चिकलठाण्याचा 19 अंश 52 कला व 75 अंश 24 कलांवर. म्हणजे अक्षांशांत 41 कलांचा आणि रेखांशांत 1 अंश 55 कलांचा फरक. अक्षांशाचा एक अंश सुमारें 111 किलोमीटर असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच. परंतु रेखावृत्तें ध्रुवांकडे जवळ येत जात असल्यामुळें मराठवाड्यांत तो 105 किलोमीटरच भरतो. तेव्हां विमानास उत्तरेकडे 76 आणि पश्चिमेकडे 201 किलोमीटर सरकावें लागेल. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम लावला कीं सरळ अंतर 215 किलोमीटर येतें. ही रेषा परभणी शहराच्या किंचित् उत्तरेकडून, जिंतूरच्या दक्षिणेकडून व सेलूच्या अगदीं जवळून जाते.

आतां वेळ. अशा लहान मार्गांवर चालणारें सत्तरएक आसनांचें, दोन पंख्यांचें विमान उंचीवर ताशीं सुमारें 500 किलोमीटर जातें. भागाकार म्हणतो, 26 मिनिटें! पण हा वेग त्यास उंची गांठल्यावरच मिळतो. चढतांना व उतरतांना तो पुष्कळ कमी असतो. समोरून ताशीं 50 किलोमीटरांचा वारा असला, तर जमिनीवरील वेग 450 च उरतो. शिवाय धांवपट्टीपर्यंत सरपटत जाणें, वळसा घेऊन उतरणें आणि जागेवर येऊन थांबणें आहेच. म्हणून चाकें हलल्यापासून थांबेपर्यंत पाऊण तास धरावा, हेंच शहाणपणाचें.

परंतु परभणीकराचा प्रवास विमानाच्या दारांत सुरू होत नाहीं. त्यानें आधीं पूर्वेकडे नांदेडला जाण्यांत दीड तास घालवावा, तेथें तासभर आधीं हजर राहावें, पाऊण तास उडावें आणि चिकलठाण्याहून शहरांत शिरण्यास अर्धा तास द्यावा. बेरीज पावणेचार तास! तेवढ्यांत परभणीहून निघालेली जलद आगगाडी 177 किलोमीटर तोडून केव्हांच पोंचलेली असते. आणि विमानांतील गृहस्थ, उलट दिशेस जाऊन, पुन्हां आपल्याच गांवावरून परत आलेला असतो.

याचा अर्थ नांदेडचा विमानतळ परभणीस निरुपयोगी, असा नव्हे. मुंबई नांदेडहून सरळ रेषेंत सुमारें 470 किलोमीटर आहे. आगगाडीस परभणीहून मुंबईपर्यंत साडेपांचशें किलोमीटर चालावें लागतें, आणि त्यांत बहुधा सबंध रात्र जाते. आजारी माणसास मोठ्या रुग्णालयांत न्यावयाचें असतां, किंवा परीक्षेची, मुलाखतीची वेळ टळत असतां, त्या रात्रीचें मोल तिकिटाहून अधिक ठरूं शकतें. अंतर जसजसें वाढतें, तसतसा जमिनीवर गेलेला वेळ विमान भरून काढतें. अंतर लहान असेल, तर तो वेळच सर्व लाभ गिळून टाकतो. यासाठीं तिकीट काढण्यापूर्वीं विमानाचीं मिनिटें मोजूं नयेत. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंतचे तास मोजावे.