गावाची नाली आणि नदीचे पाणी

मृगाचा पहिला पाऊस पडला की आठवडाभरात दवाखान्यात जुलाबाचे रोगी वाढतात. नदीकाठच्या गावांतून येणारे त्यात जास्त. गेल्या पावसाळ्यात नातवाला सलाइन लावलेले असताना एका आजीने विचारले, "डॉक्टरसाहेब, पाणी त आमी इहिरीचंच पेतो, नदीचं नाही. मंग हे कायच्यानं झालं?" विहीर कुठे, म्हटले. नदीच्या थडीला. आणि गावची नाली? तीही तिथेच, जरा वरच्या अंगाला. काठावरच्या विहिरीत रेतीतून झिरपून नदीचेच पाणी येते, हे आपल्या लक्षात येत नाही.

भरून वाहणारी नदी थोडी घाण पचवते. पाण्यातले सूक्ष्म जीव ती घाण खातात. त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात आणि खळाळते पाणी हवेतून तो पुन्हा भरून काढते. पण आपल्या पूस, अरुणावती, अडाण या नद्यांचे उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी नुसते डोह उरतात. डोहात नाली सोडली की प्राणवायू संपतो, पाणी काळे पडून वास मारते, मासे मरतात. शिवाय रोग्याच्या विष्ठेतून आलेले पटकी, विषमज्वर आणि काविळीचे जंतू पाण्यात मिसळतात ते वेगळेच.

2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले. नळ आले, चांगलेच झाले. पण वापरलेल्या पाण्यापैकी साधारण चार पंचमांश सांडपाणी होते. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावातून रोज सुमारे 88 हजार लिटर! ते जाते कुठे, हे कोणी विचारत नाही.

शुद्धीकरण केंद्र म्हटले की शहरातली यंत्रे आणि विजेचे बिल डोळ्यांपुढे येते. गावाला एवढे लागत नाही. नालीच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी, मग गाळ बसण्यासाठी टाकी आणि पुढे माणसाच्या छातीएवढ्या खोलीचे उघडे तळे. त्यात शेवाळ वाढते. ते उन्हात प्राणवायू सोडते, त्यावर जंतू जगतात आणि घाण खाऊन संपवतात. जे नदीत व्हायचे तेच काम नदीच्या अलीकडे उरकते. लोक तक्रार करतात की तळे हिरवे झाले. अहो, हिरवे आहे म्हणजे काम चालू आहे! काळे पडले तर काळजी करावी. पाणी आठ-दहा दिवस थांबले की जंतांची बहुतेक अंडी तळाशी बसतात आणि ऊन रोगजंतू मारते. जागा कमी असेल तर नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड पद्धत आहे. तीत खडी-गोट्यांच्या वाफ्यात पाणवनस्पती लावून त्यातून पाणी गाळतात.

पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने आणखी सोपी वाट धरली. घरोघरी शोषखड्डे केले, नाल्या बंद केल्या, डबकी गेली आणि त्याबरोबर डासही. मुरमाड जमिनीत हे उत्तम. आपल्याकडच्या चिकण काळ्या मातीत मात्र पाणी जिरत नाही, खड्डा तुंबतो. तिथे तळेच बरे.

सेप्टिक टाकीचा पाइप नालीत सोडण्याची पद्धत मला सर्वांत घातक वाटते. ते पाणी दिसायला नितळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. संडास दोन शोषखड्ड्यांचा असावा आणि खड्डे विहिरीपासून दूर असावेत. न्हाणीचे पाणी त्यात सोडू नये.

तळे खणून सोडून देऊ नये. काठचे गवत काढले नाही तर डास होतात, गाळ उपसला नाही तर तळे उथळ होते आणि पावसाचा लोंढा आत शिरला तर सगळी घाण धुपून नदीत जाते. त्यासाठी बाजूने चर हवा. तळ्यातले पाणी झाडांना, कपाशीला द्यावे. कोथिंबीर, पालक, मुळा यांना नको. पिण्याचे तर नावच नको.

आजीचा नातू तिसऱ्या दिवशी घरी गेला. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली, पण नाली अजून तिथेच आहे. त्या गावच्या लोकांना मी सध्या पाणी उकळूनच प्यायला सांगतो.