परसातले कंद आणि एक भिरंड

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका शेजारणीने विचारले, "बाजारातून आणलेली गुलाबाची रोपे दर आषाढात कुजतात. मग या परसात लावायचे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. गणेशगुडीचा पाऊस कुंडीतल्या नाजूक झाडांना मानवत नाही, आणि पाऊस सरला की मार्च-एप्रिलात हीच तांबडी माती विटेसारखी टणक होते. चार महिने पाणी आणि पुढे उन्हाळा, हे दोन्ही सोसणारे झाड हवे असेल तर ते इथल्याच रानात शोधावे लागते.

फार लांब जायला नको. जोयडा तालुक्यातल्या कुठल्याही कुणबी घराचे परस पाहून यावे. पांगाऱ्यावर चढलेला कोनाचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात सुरण आणि मागे भिरंडीचे झाड. अलीकडे जोयड्यात हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो. तिथे मांडलेले प्रकार पाहिले की आपण बटाट्यावरच का अडून बसलो, असे वाटते.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे काळी नदीवरच्या धरणाच्या कामानिमित्त इथे आली. १९८७ मध्ये सुपा धरण पुरे झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, कितीतरी कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. गाव उठले की घरे पुन्हा बांधता येतात, पण परसातले बियाणे मागे राहिले तर ते सहसा परत मिळत नाही. कंदाचे बियाणे दुकानात पुडीत मिळत नसते. ते शेजारणीकडून शेजारणीकडे जाते, आणि एक वर्ष कोणी लावले नाही तर त्या घरातून संपते. रानातून उकरून आणू म्हणाल तर आता सभोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे राखीव रान आहे, तिथे खणणे कायद्याला धरून नाही. तेव्हा ज्याच्या परसात आहे त्याच्याकडूनच मागून घ्यावे.

लागवड सोपी आहे. एप्रिल-मे मध्ये दीड हात रुंद, तेवढाच खोल खड्डा खणावा. त्यात सुका पाला, कुजलेले शेण आणि वर माती भरावी. कोनाचा, म्हणजे कोनफळाचा, डोळा असलेला मूठभर तुकडा कापून कापलेल्या बाजूला राख चोळावी, दोन दिवस सावलीत सुकवावा आणि मग लावावा. वेल झाडावर चढवावा. नोव्हेंबर-डिसेंबरात पाने पिवळी पडून वेल वाळला की खणायला हरकत नाही. सुरणही त्याच दिवसांत, दोन हातांच्या अंतराने लावावा. ज्यांचे परस म्हणजे क्वार्टरच्या मागची चार हात जागा, त्यांनी गोणपाटात माती व शेण भरून सुरण लावून पाहावा. चांगला येतो. अळूला मात्र ओल हवी. न्हाणीचे पाणी जिथे मुरते ती जागा त्याचीच. पानांची वडी, देठांची भाजी, खाली अळकुड्या. साळिंदर आणि रानडुक्कर या कंदांवर टपलेले असतात, म्हणून कंद घराच्या भिंतीलगत लावावेत.

आता आरोग्याचे. सुरण आणि अळू खाजरे असतात. मी एकदा घाईत सुरण कोरड्या हातांनी चिरला आणि रात्रभर हात चोळत बसलो. हातांना तेल लावावे, शिजवताना चिंच किंवा आमसूल घालावे आणि पुरते शिजवावे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू बेतानेच खावे. मधुमेह्यांनी कंद भाताच्या जागी खावा, भातावर भर म्हणून नव्हे. कंद म्हणजे पिष्टच. वेलीला लटकणारे करांदे उकळून पाणी टाकून द्यावे, आणि तरीही कडू लागले तर खाऊ नयेत. अनोळखी रानकंद तर घरात आणूच नये. काही विषारी असतात, आणि इथून मोठे इस्पितळ जवळ नाही.

भिरंडीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुष्कळांची तिथे फसगत होते. तिचे नर झाड वेगळे आणि मादी वेगळे. बियांपासून केलेली निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे लागतात, झाड फुलावर येईपर्यंत. इतकी वर्षे पाणी घालून हाती सावलीच यायची! म्हणून खात्रीचे मादी कलम घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात काढली, तिची कलमे मिळतात. बीच लावायचे असेल तर एप्रिल-मेच्या फळातले ताजे लावावे. वाळवून ठेवलेले उगवत नाही. पहिली दोन वर्षे रोपाला उन्हाळ्यात झावळीची सावली करावी. पुढे ते आपले आपण उभे राहते, आणि घरात आमसूल विकत आणावे लागत नाही.

कुंपणाला निर्गुडी लावावी. गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि सांधे दुखले की तिचा पाला शेकायला होतो. घाणेरी मात्र फुले गोजिरवाणी दिसली तरी ठेवू नये. ती परदेशातून आलेली, जनावरांना बाधते आणि एकदा माजली की आवरत नाही. मेच्या आधी उपटून टाकावी. खणताना निघालेल्या कंदांतले चार चांगले तुकडे राखेत गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवावेत, आणि त्यातले दोन त्या शेजारणीला द्यावेत.