नोटरी कोठे, कशासाठी आणि कशासाठी नाही

इंदूरच्या आपल्या बऱ्याच कुटुंबांचा महाराष्ट्रातील वडिलोपार्जित घरात किंवा शेतीत आजही वाटा आहे. तिकडून पुतण्याचा फोन येतो, "काका, मुखत्यारपत्र नोटरी करून पाठवा," आणि धावपळ सुरू होते. बँकेच्या नोकरीत वारसांच्या दाव्यांबरोबर आलेली नोटरीची कागदपत्रे आम्ही वर्षानुवर्षे तपासली. त्या अनुभवातून सभासदांसाठी ही माहिती देत आहोत.

नोटरी म्हणजे 1952 च्या नोटरी कायद्यानुसार केंद्र किंवा राज्य सरकारने नेमलेली व्यक्ती. बहुधा अनुभवी वकील. आपली ओळख पटवून, सही आपणच केली याची नोंद करणे, शपथपत्रासाठी शपथ देणे, प्रत मूळ कागदाबरहुकूम असल्याचे प्रमाणित करणे ही त्यांची कामे. मजकूर खरा असल्याची हमी मात्र नोटरी देत नाहीत.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात आणि कलेक्टोरेटच्या आसपास नोटरी सहज भेटतात. जाताना ओळखपत्र मूळ न्यावे, आणि सही घरून करून जाऊ नये. ती त्यांच्यासमोरच करावी. "तुम्ही बसा, मी शिक्का मारून आणतो" म्हणणाऱ्या दलालाच्या हाती कागद देऊ नये.

शिक्का नीट पाहावा. नियमाप्रमाणे तो 5 सें.मी. व्यासाचा गोल असतो. त्यावर नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणारे सरकार यांचा उल्लेख हवा. कागदावर त्यांच्या रजिस्टरचा अनुक्रमांकही लिहून घ्यावा. पुढे शंका निघाली तर तोच पुरावा. फीचे दर कार्यालयात लावलेले असावेत. पावती मागण्यात संकोच नको.

आपल्याकडे नोटरीचे काम सर्वाधिक पडते ते नावांमुळे. काकूंच्या सातबाऱ्यावर माहेरचे नाव, पासबुकात सासरचे, आधारवर मधले नावच नाही. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र अशा वेळी सहसा मागितले जाते आणि तेथे नोटरी योग्य.

पण स्थावर मालमत्तेचा विषय वेगळा. 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवावेच लागते. "नोटरीवर घेतलेला प्लॉट" कितीही स्वस्त वाटला तरी मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

पुतण्याने आपल्या सहीचा दस्त आपल्या वतीने तिकडे नोंदणीसाठी हजर करायचा असेल, तर 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे ते मुखत्यारपत्र आपण राहतो तेथील उपपंजीयकांपुढे करून प्रमाणित व्हावे लागते. महाराष्ट्रात याच अधिकाऱ्याला दुय्यम निबंधक म्हणतात. इंदूरच्या नोटरीचा शिक्का या कामाला पुरत नाही. म्हणून कागद करण्यापूर्वी पुतण्याला एवढेच विचारावे: हे कोणत्या कार्यालयात आणि कशासाठी लागणार आहे? मुले परदेशात असतील तर तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीपुढे केलेले मुखत्यारपत्र चालते. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

मृत्युपत्राला नोटरीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांनी केलेल्या सह्या मात्र आवश्यक आहेत.

घरातील वृद्ध किंवा आजारी माणसाला कोर्टात नेण्याचा आग्रह धरू नये. नोटरी आपल्या कार्यक्षेत्रात घरी येऊ शकतात. प्रवासखर्च वेगळा पडतो. मुखत्यारपत्रासाठी शारीरिक अडचण असल्यास उपपंजीयकांना घरी येण्याची विनंती करता येते, तशी तरतूद कायद्यातच आहे. तेवढा अर्ज केला, तर अंथरुणावरच्या माणसाचा हक्क केवळ जिना उतरता येत नाही म्हणून अडकून राहणार नाही.